वाटसरूचे पाणी

घर मागे ठेवल्याशिवाय प्रवास सुरू होत नाही, अशी आपली जुनी समजूत आहे. उंबरठा ओलांडला की माणूस मुसाफिर होतो. त्याचे छप्पर, चूल आणि पाण्याचा माठ मागे राहतो. पुढच्या मुक्कामी या तीनही गोष्टी त्याला कुणाकडून तरी मिळवाव्या लागतात. कधी पैसे मोजून, कधी ओळख काढून, कधी नुसतीच विनंती करून. आता घर सोबत घेऊनच प्रवासाला निघता येते. झोपायच्या बर्थ, गॅसची शेगडी, लहानसे न्हाणीघर-संडास आणि पाण्याची टाकी असलेली गाडी भाड्याने मिळते. महाराष्ट्र शासनाने तर २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरणच मंजूर केले.

शब्द मात्र आपल्या ओळखीचा आहे. फारसीतला 'कारवान' युरोपात गेला आणि 'कॅरॅव्हॅन' होऊन परत आला. गेला तेव्हा तो व्यापारी, हाजी, फकीर, उंटवाले अशा शेकडो माणसांचा जथा होता. परतला तो चार-पाच माणसांची चाकांवरची बंद खोली होऊन. या बदलात आपण काय कमावले आणि काय गमावले, हा प्रश्न आम्हाला गेल्या हिवाळ्यात किनाऱ्यावर पडला आणि अजून सुटलेला नाही.

आम्ही पाच मित्र औरंगाबादचे. २०२३ पासून शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर आहे. आमच्यात दोन्ही नावे घेणारे आहेत आणि मैत्री त्यावाचून अडलेली नाही. तिघे मुसलमान, दोघे हिंदू. एक बँकेतून निवृत्त, एक वकील, एक शाळामास्तर, उरलेले दोघे दुकानदार. मराठवाड्याला समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे जायकवाडी, नाहीतर टँकर. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तो हा मुलूख. त्यामुळे चारशे किलोमीटर जाऊन नुसते पाणी बघत बसण्याची आम्हाला फार हौस.

कॅरॅव्हॅन घेण्यामागे दोन कारणे होती. बोलले गेलेले कारण असे की आता गुडघे दुखतात, जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागतात आणि हवे तिथे थांबता येते. न बोललेले कारण जुने होते. काही वर्षांपूर्वी एका किनारी गावात आम्ही फोनवर खोल्या ठरवून गेलो होतो. काउंटरवर ओळखपत्रे ठेवली. पहिल्या दोन कार्डांपर्यंत सारे ठीक होते. तिसरे कार्ड पाहून तो मुलगा आत जाऊन आला आणि खोल्या भरल्याचे त्याने सांगितले. आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. उलट नजर चुकवून 'सॉरी अंकल' म्हणाला. ज्या दोघांना खोली मिळाली असती ते दोघेही आमच्याबरोबर बाहेर पडले. रात्र गाडीत काढली. कॅरॅव्हॅनला काउंटर नसतो. आपल्या घराच्या दाराशी आपल्याला कुणी नाव विचारत नाही. ॲडव्हान्स भरताना पाचही जणांच्या मनात हेच होते.

अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी घाट असे उतरून आम्ही मुरूडला पोचलो. तिथून दक्षिणेकडे सागरी महामार्ग धरायचा, असा बेत. रेवसपासून रेड्डीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता असावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. ते १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. तो रस्ता सलग असा झालाच नाही. खाडी आली की रस्ता संपतो आणि गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते. आमच्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसांना बोटीत गाडी आणि गाडीत आपण, याचे काय अप्रूप वाटले ते काय सांगावे!

मुरूडला जंजिरा पाहिला. अरबीतल्या 'जझीरा'चा, म्हणजे बेटाचा, हा आपल्याकडचा उच्चार. हबशांचा हा किल्ला कुणालाच जिंकता आला नाही. आमच्या शहराशी त्याचे एक नाते आहे. १६१० साली ज्याने खडकी वसवली, जिचे पुढे औरंगाबाद झाले, तो मलिक अंबरही हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला, समुद्र ओलांडून आलेला मुसाफिर. त्याने आमच्या शहराला नहर देऊन पाणी दिले. जंजिऱ्यात चारही बाजूंना खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. तटावर उभे राहून बँकवाला म्हणाला, "बघा, ही खरी कॅरॅव्हॅन. पाणी आपले, भिंत आपली, कुणाच्या बापाचे उपकार नाहीत." मास्तर म्हणाला, "आणि आज आत राहायला कुणी नाही." त्या वेळी आम्ही हसलो. पण त्या दोन वाक्यांतला वाद पुढे साऱ्या प्रवासात आमच्याबरोबर होता.

तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी झाली. कॅरॅव्हॅनचे स्वावलंबन शंभर लिटरचे असते. भांडी धुतली, पाचजणांनी अंघोळी केल्या की ते संपते. धोरणात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या वाहनतळांचा उल्लेख आहे. आम्ही होतो तिथे तसे काही नव्हते. एक नारळीची वाडी, तिच्यात कौलारू घर. आमच्यातला एकजण बेड्याशी जाऊन उभा राहिला. साठीची एक बाई बाहेर आली. पाणी हवे आहे म्हटल्यावर तिने विहिरीवरची मोटार सुरू केली आणि नळी गाडीपर्यंत ओढून दिली. टाकी भरायला वेळ लागणार होता, म्हणून सगळ्यांना ओटीवर बसवले, चहा केला. गाडीतच चहाची सोय आहे असे कुणीतरी सांगितले, तेव्हा तिला ते नीट पटले नाही. दारात आलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीत जाऊन चहा प्यायचा, हा काय प्रकार? पैसे विचारले तर तिने हात हलवला. ती कोणत्या जातीधर्माची, आम्ही विचारले नाही. तिनेही आमची नावे विचारली नाहीत. फक्त 'कुठून आलात' एवढेच विचारले. इतक्या लांबून, म्हणून आणखी एकेक कप झाला.

काउंटर टाळण्यासाठी आम्ही एवढा खर्च केला होता आणि अखेर एका दारात जाऊन उभे राहावेच लागले. पण त्या दारात जे मिळाले ते काउंटरवर पैसे देऊनही मिळत नाही.

त्या रात्री मास्तरने 'सबील' या शब्दाची आठवण काढली. आमच्या शहरात मोहरमला चौकाचौकांत पाण्याची, सरबताची सबील लागते, तशीच उन्हाळ्यात पाणपोई. अरबीत सबील म्हणजे रस्ता. कैरोपासून इस्तंबूलपर्यंत वाटसरूंसाठी बांधलेल्या सार्वजनिक पाण्याच्या जागांनाही हेच नाव आहे. रस्ता आणि पाणी यांना एकच शब्द वापरणाऱ्या लोकांना वाळवंटाने ते शिकवले असावे. कुरआनात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत एक 'इब्न-अस-सबील' आहे. शब्दशः, रस्त्याचा मुलगा. टीकाकार सांगतात की तो आपल्या गावी श्रीमंत असला तरी वाटेवर अडचणीत सापडला असेल तर त्याचा हक्क आहे. म्हणजे गरिबी हा तिथे निकष नाही. घरापासून दूर असणे हाच निकष. मुसाफिराला नमाज थोडकी करण्याची आणि रोजा पुढे ढकलण्याची जी सवलत आहे तिच्या मागेही हाच विचार दिसतो. मराठीत 'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. पंढरीच्या वाटेवरची गावे दरसाल वारकऱ्यांना जेवू घालतात, तेही याच समजुतीने. दोन्हीकडे देणारा उपकार करत नाही, घेणारा भीक मागत नाही.

इथे वकील थांबवून म्हणाला, "गोष्टी छान आहेत. पण आपल्याला खोली नाकारली तेव्हा तो मुलगा कुठल्या संस्कृतीचा होता? संविधानाचे पंधरावे कलम वाचा. धर्म, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कुणालाही दुकान, उपाहारगृह, हॉटेलात मज्जाव करता येत नाही. विहिरी, तलाव, घाट, रस्ते, तेही त्याच कलमात आहेत. पाहुणचार माणसाच्या मर्जीवर असतो. मला मर्जी नको, हक्क पाहिजे."

त्याचे म्हणणे वजनदार आहे. मर्जीवरचा पाहुणचार किती दूर जातो, याचा एक साक्षीदार आमच्या दौलताबादेतूनच समुद्राकडे गेला होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबाद पाहून खंबायतला गेला आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेस मलबारात. तिथल्या रस्त्याचे त्याने मोठे कौतुक केले आहे. थोड्याथोड्या अंतरावर लाकडी निवारे, बसायला बाक, प्रत्येक ठिकाणी विहीर आणि पाणी पाजायला नेमलेला माणूस. हिंदू वाटसरूला भांड्यातून पाणी मिळे. मुसलमानाच्या ओंजळीत वरून ओतले जाई. त्याला घरात घेत नसत, आपल्या भांड्यात जेवू देत नसत. पण जिथे मुसलमान वस्ती नव्हती तिथे हेच लोक त्याच्यासाठी रांधत आणि केळीच्या पानावर वाढत. बतूताला यात अपमान वाटलेला दिसत नाही. त्याने देशाची रीत म्हणून नोंद केली. आज आपल्याला ती वाचताना टोचते. पाणी होते, माया होती आणि मध्ये चार बोटांचे अंतरही होते.

हे वाचून आपल्यातल्या कुणाला वाटेल की बघा, आपल्याला पूर्वीपासून असेच वागवले. म्हणून दुसरी हकीकतही सांगितली पाहिजे. तीही मित्रांच्या सहलीचीच आहे आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर घडली आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले. अस्पृश्य प्रवाशांच्या वाट्याला येणारे प्रसंग टाळावेत म्हणून त्यांनी हा दौरा गाजावाजा न करता आखला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत त्यांनी ती हकीकत लिहून ठेवली आहे. दौलताबादेत त्यांची माणसे चहा-फराळ घेऊन वाट पाहत होती; पण अंधार पडण्याआधी किल्ला पाहायचा म्हणून मंडळी आधी किल्ल्याकडे गेली. प्रवासाची धूळ अंगावर होती. दारापाशी पाण्याने काठोकाठ भरलेले टाके होते. काहींनी तोंड-पाय धुतले. तेवढ्यात एक पांढऱ्या दाढीचे वृद्ध मुसलमान, जातीचे नाव घेऊन, टाके बाटवल्याचा ओरडा करत आले. भोवती जमाव जमला, शिवीगाळ झाली. महिना रमजानचा होता. बाबासाहेबांनी त्यांना रोखठोक विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो का? आणि हाच माणूस उद्या मुसलमान झाला तर त्याला या टाक्याचे पाणी नाकाराल का? जमाव गप्प झाला. अखेर किल्ला पाहू दिला, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला. यांनी आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून.

जकातीत वाटसरूचा हक्क सांगणारा धर्म, रोज्याचा महिना, आणि दारात धुळीने माखलेले वाटसरू. आपल्या घरातून ही आठवण पुसून टाकणे सोपे आहे. पण मग काउंटरवरच्या त्या मुलाबद्दल तक्रार करण्याचा आपला आवाज पोकळ होतो. बाबासाहेबांनी त्याच्या सात वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. आम्ही परतताना महाडवरून आलो आणि तळ्याशी थोडा वेळ बसलो. संविधानाच्या पंधराव्या कलमात हॉटेलाबरोबर विहिरी आणि तळी का आली, हे तिथे बसल्यावर कुणाला समजावून सांगावे लागत नाही. वकिलाचे म्हणणे आम्ही तिथे पूर्णपणे मान्य केले: माया हवीच, पण हक्काच्या जागी मायेने भागत नाही.

मग हक्क मिळाल्यावर मायेचे काय काम उरते? याचे उत्तर आम्हाला बाणकोटच्या खाडीवर मिळाले होते. बागमांडल्याला पोचलो तेव्हा शेवटची फेरी गेलेली. आम्हाला फिकीर नव्हती, घर बरोबर होते. थोड्या वेळाने एका रिक्षातून नवरा-बायको, एक म्हातारी आणि एक लहान मुलगी उतरली. पलीकडच्या गावात मयत झाली होती. रिक्षावाला पैसे घेऊन गेला. रस्त्याने वळसा मोठा आणि रात्रीचे वाहन मिळेना. म्हातारी जेट्टीवरच्या दगडावर बसली. थोड्या वेळाने ती बाई संकोचाने आमच्या गाडीकडे बघू लागली. तिला काय विचारायचे आहे ते उमगायला आम्हाला वेळ लागला. म्हातारीला संडासला जायचे होते.

बँकवाला म्हणाला, गाडी भाड्याची आहे; बाहेरच्यांना घेऊ नका असे करारात आहे. काही झाले तर कोण जबाबदार? आपण कोण, ते कोण, माहीत नाही. तो दुष्ट माणूस नाही. गावोगावच्या बातम्या वाचणारा कोणीही असेच म्हणेल. जुन्या सराईंनाही दरवाजे होते, ते रात्री बंद होत, पहारा असे. दार उघडणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. पण आम्ही ज्यासाठी ही गाडी घेतली होती, तेच शब्द आता आमच्या दारातून बाहेर येत होते. 'आपण कोण, ते कोण, माहीत नाही.' काउंटरच्या आत आम्ही उभे होतो.

बँकवाल्यानेच दार उघडले. म्हातारी आणि मुलगी आत झोपल्या, ती बाई त्यांच्या उशाशी बसून राहिली. आम्ही पाचजण आणि तिचा नवरा बाहेर घडीच्या खुर्च्यांवर, चहा करत, खाडीकडे बघत बसलो. सकाळी पहिल्या बोटीने सगळे पलीकडे गेलो. नावे तेव्हा कळली. ती इथे लिहिण्याचे कारण नाही.

ज्याच्याजवळ चालते घर आहे, तो वाटेवरचा पाहुणा राहत नाही. तो यजमान होतो. स्वतःपुरते पाणी घेऊन निघणे यात गैर काहीच नाही. पण रस्त्यावर पाणी घेऊन उतरलात की रस्त्याचे नियम लागू होतात. स्वावलंबनाचा धोका हाच की ज्याला कधी कुणाकडे मागावे लागत नाही, त्याला मागणारा ओळखू येईनासा होतो. नारळीच्या वाडीतल्या बाईकडे पाणी मागितले नसते, तर जेट्टीवरच्या बाईची नजर आम्हाला कळली असती का, याची आम्हाला शंका आहे.

आमच्या शहराला हे इतरांपेक्षा अधिक कळायला हवे. पाणचक्कीच्या दर्ग्यात जे सूफी विसावले आहेत, त्यांचे नावच बाबा शाह मुसाफिर. मध्य आशियातून चालत आलेले. डोंगरातले पाणी मातीच्या नळांनी तिथवर आणून त्या पाण्यावर जाते फिरवले, आणि दळण यात्रेकरू-फकिरांच्या पोटी गेले. एका मुसाफिराच्या खानकाहीत पुढच्या मुसाफिरांची सोय झाली. त्याच शहराच्या जिल्ह्यात, करमाडजवळ, ८ मे २०२० रोजी पहाटे सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून रेल्वेरुळांच्या कडेने ते मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे निघाले होते. टाळेबंदी होती, गाड्या बंद होत्या, दारे बंद होती. थकून रुळांवरच झोपले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या, ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली. इब्न-अस-सबील म्हणजे कोण, याचा शब्दकोशात वेगळा अर्थ शोधण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी चाकांवरच्या घरांचे धोरण आले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असे कुणी म्हणू शकेल. आम्हाला मात्र त्या एकाच रस्त्यावरच्या वाटतात.

पुन्हा किनाऱ्यावर जाऊ तेव्हा कॅरॅव्हॅन घ्यायची की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही. वकील म्हणतो, घ्यायची नाही. हॉटेलातच जायचे, पाचही कार्डे एकदम काउंटरवर ठेवायची आणि खोल्या भरल्या म्हणाले तर लेखी मागायचे. कारण आपण बाजूने निघून गेलो तर तो काउंटर पुढच्या माणसासाठी तसाच राहतो. बँकवाला म्हणतो, घ्यायची, आणि या खेपेला टाकी मोठी बघायची. वाटेत कुणाला लागले तर कमी पडायला नको.

आम्हाला दोघांचेही म्हणणे बरोबर वाटते.